आदर्श विभागातले मासे

ज्या माणसाची उभी हयात जंतू मारण्यात गेली, त्यानेच एके दिवशी गच्चीवर जंतू पाळायला घ्यावेत, यात बिल्डिंगला काहीतरी काळंबेरं दिसणं साहजिक होतं. हा माणूस शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत होता. तिथे रोज सकाळी निरनिराळ्या विभागांतून पाण्याच्या बाटल्या येत. बाटलीतलं पाणी नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, म्हणजे जंतू मेले, म्हणजे नागरिक सुखरूप. तसा शेरा मारायचा, सही करायची आणि पुढची बाटली घ्यायची. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना 'केमिस्ट' म्हणत. या नावामुळे नव्याने राहायला आलेली बिऱ्हाडं हमखास खोकल्याचं औषध मागायला येत, आणि ते नाही मिळालं की "जरा शिष्टच आहेत" म्हणत परत जात.

केमिस्ट शिष्ट नव्हते, दमलेले होते. ऑफिसात मोठे साहेब बेल वाजवत. घरी बायको "अहो" म्हणे, आणि सोबत राहणाऱ्या सासूबाई आतल्या खोलीतून "जावईबापू" अशी साद घालत, ती बहुधा चष्म्यासाठी असे आणि चष्मा बहुधा त्यांच्या कपाळावर असे. अशा माणसाला आयुष्यात फार काही नको असतं. कुणी हाक मारणार नाही अशी एक जागा मिळाली तरी पुरते.

ती जागा त्यांना एका व्याख्यानात सापडली. कर्मचाऱ्यांच्या ज्ञानात भर पडावी म्हणून खात्याने ते जेवणानंतर ठेवलं होतं, त्यामुळे बाकीच्यांच्या ज्ञानात डोळे मिटून भर पडत होती. विषय होता अ‍ॅक्वापोनिक्स. खाली टाकीत मासे, वर खडीच्या वाफ्यात भाजी. मासे पाणी घाण करतात. त्या घाणीतला अमोनिया खडीवर राहणारे जंतू दोन टप्प्यांत पचवतात आणि त्याचं खत करतात. भाजी ते खत शोषून घेते आणि स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा माशांकडे जातं. माती नको, खताची पोती नको, रोज झारी घेऊन उभं राहणं नको. शेवटी वक्ते म्हणाले, "एकदा हे बसलं की माणसाची फारशी गरज लागत नाही."

केमिस्टांच्या अंगावर काटा आला. माणसाची गरज लागत नाही! पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या मनातलं बोललं होतं.

"आता हे काय नवीन?" बायकोने विचारलं.

"मासे झाडांचं बघतात, झाडं माशांचं बघतात. मधले जंतू दोघांचं बघतात."

"आणि जंतूंचं कोण बघतं?"

"मी."

"म्हणजे इतकी वर्षं जंतू मारून संसार केला, आणि आता त्यांना सांभाळणार," बायको म्हणाली. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "कोण येणारंय राहायला?"

बाथटब सेक्रेटरींकडून मिळाला. हे सेक्रेटरी निवृत्त झाल्यापासून बिल्डिंगचं सेक्रेटरीपद नोकरीसारखं, किंबहुना नोकरीत कधी केलं नसेल इतक्या निष्ठेने सांभाळत होते. त्यांच्या घरातून काढलेला जुना टब जिन्याखाली पडून होता. तो त्यांनी उदारपणे दिला, आणि देऊन झाल्यावर गच्चीची परवानगी लागेल असं सांगितलं.

"कुंड्या ठेवायला हरकत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण गच्चीवर प्राणी न्यायला बंदी आहे. मागे पोपटावरून वाद झाला होता."

"मासे प्राणी असले तरी पाण्याच्या बाहेर येत नाहीत."

"पोपटही पिंजऱ्याच्या बाहेर येत नव्हता."

यावर बराच खल झाला. शेवटी सेक्रेटरींनीच तोड काढली: मासे झाडांना खत देतात, तर त्यांची नोंद खत म्हणून करावी. त्याप्रमाणे 'भाजीचा वाफा एक, सोबत खत (हलतं)' अशी नोंद झाली. एवढ्या वर्षांच्या सरकारी नोकरीत असं काही केमिस्टांच्याही सहीखालून गेलं नव्हतं.

खडीचं ओझं लिफ्टला चालत नाही असं ठरल्यामुळे ती पिशव्या-पिशव्यांनी जिन्याने वर गेली. वाटेत प्रत्येक मजल्यावर सल्ला होता. पहिल्या मजल्याचं म्हणणं पडलं की खडीपेक्षा विटांचे तुकडे बरे. दुसऱ्या मजल्याला मासेच नापसंत होते, बदकं ठेवावीत असं त्यांचं मत होतं. तिसऱ्या मजल्याने काही सल्ला दिला नाही, नुसतं "या वयात?" एवढंच विचारलं, आणि केमिस्टांची कंबर नेमकी त्याच पायरीवर धरली.

वाफ्यात पाणी काठोकाठ भरलं की ते आपोआप एका दमात खाली उतरावं, म्हणजे मुळांना हवा मिळते, यासाठी त्यांनी एक पाइप बसवला होता. शास्त्राच्या दृष्टीने काम चोख होतं. पण पाणी उतरता उतरता शेवटी हवा ओढली जाई आणि एखादा धिप्पाड माणूस गुळण्या करत असावा तसा आवाज येई. गच्चीच्या बरोबर खाली गाण्याच्या बाई राहत. त्यांच्या शिकवणीत विद्यार्थिनीने सूर लावायचा आणि वरून कुणीतरी चूळ भरायची, हे दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी बाई वर आल्या.

"केमिस्ट, तुमचा हा राक्षस दात कधी घासून संपवणार?"

केमिस्टांनी पाइपात कापडाचा बोळा घातला, मग पाणी उतरेना. बोळा काढला, मग गुळण्या सुरू. अखेर बाईंनीच माघार घेतली. "राहू दे. पोरी निदान मधे थांबून श्वास घ्यायला तरी शिकताहेत."

आता खरी अडचण क्लोरीनची होती. जो क्लोरीन नागरिकांना सुखरूप ठेवतो तोच माशांचे कल्ले भाजतो आणि खडीवरचे जंतू साफ करतो. नळाचं पाणी थेट टबात घालणं म्हणजे स्वतःच्या खात्याच्या हातून स्वतःच्या माशांचा काटा काढणं. म्हणून केमिस्ट नळाच्या पाण्याच्या बादल्या भरून गच्चीवर उन्हात उघड्या ठेवत. दिवसभरात क्लोरीन उडून जाई. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलं की ते पाणी टबात घालायचं, असा नेम होता. मात्र संध्याकाळी ते पोचत तेव्हा बादल्या रिकाम्या असत आणि टब भरलेला असे. "मी ओतलं," बायको म्हणे. दमलेल्या माणसाने यापुढे चौकशी करायची नसते.

जंतूंना बस्तान बसवायला काही आठवडे लागले. या काळात गच्चीवर बघण्यासारखं काही नव्हतं. बिल्डिंगमधले लोक येत, गढूळ पाण्याकडे बघत आणि मयताच्या घरून निघावं तसे हळू आवाजात निघून जात. आणि मग पालकाने पानं काढली. टोमॅटोच्या रोपाने मान वर केली. मासे गुटगुटीत झाले. केमिस्ट संध्याकाळी टबाच्या काठाशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसत. वरून पाणी पडे, खालून मासे तोंड उघडत आणि मिटत, आणि त्यातलं एकही तोंड त्यांना हाक मारत नसे.

ऑफिसातही सगळं सुरळीत होतं. क्लोरीन खरं तर नळावरच तपासायचा असतो, बाटलीत तो हळूहळू उडून जातो. पण केमिस्ट ज्या भागात राहतात तिथे माणूस पाठवण्याची काय गरज, असं मोठ्या साहेबांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. केमिस्ट सकाळी घरच्या नळाची बाटली भरून डब्याच्या पिशवीतून नेत. त्या बाटलीतलं पाणी रोज सुरेख पिवळं होई. इतर भागांचं पाणी कधी फिकं निघे, कधी साफ कोरं. यांच्या भागाचं कधी चुकलं नाही. मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या फळ्यावर त्या भागापुढे 'आदर्श विभाग' असं लिहवून घेतलं होतं. केमिस्टांना साऱ्या नोकरीत मिळालेला मान म्हणजे तो फळा.

आणि मग बिल्डिंगची पोटं बिघडली.

पहिल्यांदा दुसऱ्या मजल्याचं बिघडलं, मग पहिल्याचं, मग गाण्याच्या बाईंनी शिकवणी बंद ठेवली. सासूबाईंनी तर अंथरूणच धरलं. डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं.

"उकळायचं कशाला?" केमिस्ट म्हणाले. "आपल्या भागाचं पाणी आदर्श आहे."

"तुम्ही आदर्श पाणी प्या," बायको म्हणाली, "आईला मी उकळून देते."

सासूबाई दोन दिवसांत उठून बसल्या. केमिस्टांनी त्याचं श्रेय औषधाला दिलं. बिल्डिंगने तोवर गुन्हेगार शोधला होता. गच्चीवर सगळ्यांच्या पाण्याची टाकी होती आणि टाकीपासून हाकेच्या अंतरावर तो टब. घाण पाणी, मासे, जंतू. तेही मालक स्वतःच्या तोंडाने सांगतो असे पाळलेले जंतू. सेक्रेटरींनी रविवारी मीटिंग लावली. विषय एकच: हलतं खत हटवणे.

"टबाचा आणि टाकीचा एका थेंबाचा संबंध नाही," केमिस्ट जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. "जंतू सगळे सारखे नसतात. हे अमोनिया खाणारे आहेत, माणसाच्या पोटात त्यांना काही काम नाही."

"काम नसलं की माणसं तरी कुठे स्वस्थ बसतात?" दुसरा मजला म्हणाला.

शनिवारी केमिस्ट अर्ध्या दिवसाने घरी आले आणि मासे शेवटचे एकदा डोळे भरून बघावेत म्हणून थेट गच्चीवर गेले. बघतात तो काय, बायकोने नळाला लांब पाइप लावलाय आणि त्याचं तोंड टबात सोडून ती कपडे वाळत घालतेय. टबात धो धो पाणी चाललेलं.

"अगं ए! नळाचं पाणी? मरतील ते!"

"काही मरत नाहीत. रोज तेच घालते."

"रोज?"

"गढूळ दिसलं की अर्धं काढून नवं भरते. एवढ्या घाणीत राहतात बिचारे."

"आणि माझ्या बादल्या? उन्हातल्या?"

"छान कोमट होतं ते पाणी. कपड्यांना घेते."

केमिस्टांनी ओरडायला तोंड उघडलं आणि टबातल्या माशांसारखं ते तसंच उघडं राहिलं. मासे नळाच्या धारेखाली मजेत फिरत होते. एकाने तर धारेत उलट पोहून दाखवलं. नळाचं पाणी, रोज, अर्धा टब, आणि मासे गुटगुटीत. खडीवरचे जंतू ठणठणीत. पालक हिरवागार. असं होऊ शकत नव्हतं. पाण्यात क्लोरीन असता तर असं मुळीच होऊ शकत नव्हतं.

ते खाली आले. पिशवीतून औषधाची बाटली काढली, काचेच्या नळीत स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी धरलं आणि दोन थेंब टाकले. पाणी कोरं राहिलं. त्यांनी नळी हलवली, उजेडात धरली, चष्मा पुसला. पाणी कोरंच.

"पण मग माझी बाटली?" ते पुटपुटले. "बाटली तर रोज पिवळी होते."

ओट्याशेजारी सोमवारसाठीची दुसरी सरकारी बाटली रात्रीच धुऊन उलटी घालून ठेवलेली होती. त्यांनी ती त्याच नळाखाली भरली, त्यातलं पाणी नळीत ओतलं आणि दोन थेंब टाकले. सुरेख, आदर्श पिवळा रंग आला.

बायको वरून रिकामी बादली घेऊन आली तेव्हा केमिस्ट दोन नळ्या दोन हातांत धरून उभे होते.

"ही बाटली तू कशाने धुतेस?"

"पांढऱ्या कपड्यांच्या ब्लीचने. खळबळून ठेवते रात्री."

"ब्लीचने? का?"

"का म्हणजे? तुमच्या ऑफिसात जाते ती. चार लोक बघतात. घाणेरडी कशी पाठवायची?"

केमिस्ट स्टुलावर बसले. एवढा काळ शहराच्या फळ्यावर जो क्लोरीन झळकत होता तो खात्याचा नव्हताच, तो त्यांच्या मोरीतला होता. आदर्श विभाग होता तो एका बाटलीपुरता.

"चुकलं का काही?" बायकोने जरा घाबरून विचारलं.

"तुझं नाही," केमिस्ट म्हणाले. माशांना वाचवायचं तर उद्या सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं की तुमच्या पाण्यात क्लोरीन नाही. ते सांगायचं तर पुढचं वाक्य आपोआप येत होतं, की ते आहे असं रोज सही करून सांगणारा मीच. आणि सांगून क्लोरीन परत आलाच, तर तो पहिल्यांदा याच माशांच्या मुळावर येणार. आतून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, पाणी द्या हो घोटभर." केमिस्ट उठले. त्यांनी नळाकडे गेलेला हात मागे घेतला आणि उकळलेल्या पाण्याच्या पातेल्यातून पेला भरला.

रविवारी सगळी बिल्डिंग खालच्या पार्किंगमध्ये जमली. केमिस्टांनी सेक्रेटरींच्याच घरून आणलेलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले आणि नळी उंच धरली.

"हे पिवळं व्हायला हवं होतं," ते म्हणाले.

"स्वच्छ दिसतंय की," पहिला मजला म्हणाला.

"तेच वाईट आहे. यात क्लोरीन नाही. जंतू मरत नाहीयेत. पोटं त्यानेच बिघडली. टबातले मासे जिवंत आहेत हाच पुरावा. क्लोरीन असता तर ते केव्हाच मेले असते."

सभेला हे पचायला वेळ लागला. मासे जिवंत आहेत हा आरोप आहे की बचाव, यावर मागच्या खुर्च्यांत कुजबूज झाली. मग सेक्रेटरी सावकाश उठले.

"म्हणजे माशांचा दोष नाही."

"अजिबात नाही."

"दोष पाणीखात्याचा."

"हो."

"आणि आपल्या भागाचं पाणी खात्यात कोण तपासतं?"

केमिस्टांनी नळी खाली केली. "मी."

मासे एकमताने निर्दोष सुटले. केमिस्टांना मात्र पार्किंगमधून घरापर्यंतचं अंतर फार वाटलं. गाण्याच्या बाई तेवढ्या सोबत चालत आल्या आणि जिन्यात म्हणाल्या, "बेसूर लागला तर लागला. कबूल केलंत, हे बरं केलंत."

सोमवारी ते मोठ्या साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फळ्याकडे बोट दाखवलं.

"आदर्श विभागातून तक्रार येऊच शकत नाही."

"साहेब, बाटलीत ब्लीच होतं."

"कुणी घातलं?"

"बायकोने. धुण्यासाठी."

"त्यांना तसा अधिकार होता?"

"घरातले सगळेच अधिकार तिला आहेत, साहेब."

साहेबांनी कपाळ चोळलं. क्लोरीनची तक्रार आली की ती प्रयोगशाळेच्या अभिप्रायासाठी जाते, असा नियम होता. प्रयोगशाळेत ती केमिस्टांच्याच टेबलावर आली. स्वतःची तक्रार त्यांनी स्वतः वाचली, तीत तथ्य असल्याचं स्वतःला कळवलं आणि वर पाठवली. मग टेकडीवरच्या टाकीवर फिटर गेला. क्लोरीन सोडणारी नळी चुन्यासारख्या थराने गच्च बुजलेली निघाली. ती बदलली.

त्या आठवड्यात केमिस्टांनी घरच्या नळावर उभं राहून दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं. फिकं, पण खरं. बायकोही नळीकडे बघत होती.

"बरं आहे ना?"

"बरं आहे," ते म्हणाले. "आता पाइप टबात सोडू नकोस. कधीच."

तेव्हापासून केमिस्ट रोज बादल्या गच्चीवर चढवतात. ऊन कमी असलं की दोन दिवसांची बेगमी करावी लागते. बादल्यांवर 'कपड्यांसाठी नाही' असं लिहून ठेवलंय. टबातलं पाणी वाफ्यात चढवणारा पंप अडकला की गुळण्या थांबतात, आणि खालून गाण्याच्या बाई ओरडतात, "केमिस्ट, राक्षस गप्प का?" दुसरा मजला रोज वर येऊन मासे मोजतो, कारण मासे जरा जास्तच खुशीत दिसले की आता त्याला पाण्याची शंका येते आणि तो खाली उतरून दार वाजवतो. जिथे कुणी हाक मारणार नव्हतं त्या जागेवरून आता सगळी बिल्डिंग हाक मारते.

महिनाअखेरीला मोठ्या साहेबांनी त्यांना पुन्हा बोलावलं. फळ्यावरचं 'आदर्श' पुसलेलं होतं.

"दुरुस्तीआधी तुमच्या भागाचा निकाल उत्तम होता," साहेब म्हणाले. "दुरुस्तीनंतर नुसता समाधानकारक. मग दुरुस्तीने सुधारलं काय?"

"साहेब, आधीचा क्लोरीन आमच्या मोरीतला होता."

"ते मला ठाऊक नाही. वर उत्तर द्यावं लागतं. घरी आधी जे काही करत होतात ते पूर्ववत सुरू करा."

केमिस्ट घरी आले. बादल्या वर नेल्या. कालच्या बादल्या टबात ओतल्या. मग वाकून पालकाची पहिली जुडी काढली आणि खाली आणून ओट्यावर ठेवली.

सासूबाई आता हिंडूफिरू लागल्या होत्या. त्यांनी पानं उलटीपालटी करून बघितली.

"माशांच्या घाणीवरची ना ही?"

"हो."

"मग नीट धुऊन घे गं," त्या लेकीला म्हणाल्या. "नळाखाली धर चांगली. नळाच्या पाण्याची आता खात्री आहे, जावईबापू बघतात."

बायकोने नळ सोडला आणि पालक धुवायला घेतला. मग केमिस्ट रिकाम्या बादल्या उचलून उद्याचं पाणी भरायला निघाले, आणि पहिल्या पायरीवर पोचेपर्यंत आतून हाक आली, "अहो!"